लाइनमन लंकेत

माझ्या नवऱ्याचं डोकं ठिकाणावर आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नल्लकुंट्यात अर्ध्या गल्लीला अजून वाटतं की श्रीपती गायसमुद्रे रिटायर झाला आणि हौला झाला. हौला म्हणजे आमच्या हैदराबादी बोलीत वेडा. मलाही दोन वर्षं तसंच वाटत होतं, त्यामुळं तेव्हा कुणावर डाफरायची सोय नव्हती. आता मात्र डाफरते.

हे चौतीस वर्षं पाणीखात्यात लाइनमन होते. पहाटे चारला सायकलवर लांब दांड्याची चावी बांधून निघायचे आणि विद्यानगरपासून आमच्या घरापर्यंत एकेक व्हॉल्व्ह उघडत यायचे. कुठल्या गल्लीला किती आटे फिरवायचे, कुठल्या गल्लीत कोण मोटर लावून पाणी ओढतं, सगळं तोंडपाठ. पण यांचं खरं नाव झालं ते सळईमुळं. रस्त्याखाली पाइप फुटला आणि पाणी कुठं मुरतंय ते कळेना, की साहेबलोक म्हणायचे, श्रीपतीला बोलवा. चार-साडेचार फुटांची लोखंडी सळई, वरच्या टोकाला लाकडी वाटी. सळई रस्त्यावर टेकवायची, वाटी कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मग हे म्हणणार, "इथं खोदा." आणि पाणी तिथंच असणार. या कानावर आमचं घर चाललं, लेकीचं, रूपालीचं शिक्षण झालं.

मी विमल. विद्यानगरात शाळेची व्हॅन चालवायचे, एकोणीस वर्षं. रोज बारा पोरं. त्यांना गप्प बसवता बसवता माझा आवाज असा पहाडी झाला की मी घरात बोलले तर वरच्या मजल्यावरची भाग्यलक्ष्मी खिडकीतून उत्तर देते. आम्हा दोघांना मिळून कधी सुट्टी म्हणून मिळाली नाही. यांना सुट्टी दिली तर गल्ल्यांना पाणी कोण सोडणार? पस्तीस वर्षांच्या संसारात सगळ्यात लांबचा प्रवास म्हणजे नांदेडचं लग्न, तेही चार दिवसांत परत.

आणि आमचा एक ठरलेला रिवाज होता. संध्याकाळी मी स्वयंपाकघरातून विचारायचे, "चहा ठेवू का?" बाहेरच्या खोलीतून यायचं, "ठेव. साखर बेताची." यात प्रेम-बिम काही नाही हो, नुसती सवय. पण हे रिटायर झाले आणि ते उत्तर यायचं बंद झालं.

आधी मी म्हणलं, पेन्शन अंगावर चढली. मग एकेक दिसायला लागलं. कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा, असं सांगून मी बाजारात गेले. परत आले तर डाळीचा कोळसा आणि हे शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसलेले. पोस्टमन बेल वाजवून वाजवून निघून जायचा. कुणी काही बोललं की नुसती मान हलवायची, हौ हौ, म्हणजे हो हो, करायचं. आणि एक दिवस न्हाणीतला नळ चालू ठेवून हे बाहेर येऊन बसले. टाकी रिकामी झाली तरी यांना पत्ता नाही! ज्या माणसानं पाण्याच्या थेंबासाठी रस्ते खोदले, त्याच्याच घरात नळ वाहतोय.

कारण मी हे एकदा पाहिलंय. माझे सासरे, अंबाजीमामा. शेवटची चार वर्षं आमच्या दोन खोल्यांत होते. आधी असंच, मान हलवायची आणि हसायचं. मग चूल विसरले, घर विसरले, आणि शेवटी मला हात जोडून विचारायचे, "बाई, तुम्ही कोण? मला माझ्या घरी सोडा." त्यांना भरवणारी मी, आंघोळ घालणारी मी. तेव्हा मी तरुण होते, निभावलं. पण यांनी जर मला विचारलं, बाई तुम्ही कोण, तर? मला ते सोसलं नसतं. दोन वर्षं मी यांचा चेहरा बघत जागी व्हायचे, की आज ओळखतात का नाही.

रूपाली बेंगलुरूला नोकरी करते. तिला सांगितलं तर तिनं फोनवरून मेंदूच्या डॉक्टरची तारीख घेतली. तेवीस नोव्हेंबर, त्याच्या आधी मिळेना. आणि तिनंच लंकेची तिकिटं काढली. अनुराधपूरचा बोधिवृक्ष बघायची यांची फार जुनी इच्छा; आमच्या भिंतीवर त्याचं चित्र आहे. "मम्मी, कॅरव्हॅन घेऊन दिलीय बारा दिवसांची," ती म्हणाली. "गाडीतच झोपायचं, गाडीतच शिजवायचं. तू चालव. पप्पा ओळखतायत तोवर जाऊन या." शेवटचं वाक्य बोलून पोरीनं फोन ठेवला. मी परवान्याचे कागद केले, डॉक्टरच्या तारखेची चिठ्ठी पर्समध्ये घातली आणि यांना त्यातलं काही सांगितलं नाही.

गाडी बरी होती. दिवसा टेबल, रात्री पलंग, एक शेगडी, एक बेसिन, आणि खाली ऐंशी लिटरची पाण्याची टाकी. टाकी पाहून यांचा चेहरा खुलला. गाडीच्या मालकानं नळ दाखवला, तर यांनी खाली वाकून पाइप, तोटी, सगळं तपासलं आणि जाहीर केलं, "पाण्याचं खातं माझ्याकडे." मी म्हणलं, घ्या बाबा.

अनुराधपूरला पांढऱ्या कपड्यांतली माणसं हातात कमळं घेऊन झाडाखाली बसली होती. आम्हीही बसलो. हे वंदना म्हणायला लागले. पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. मला आनंद व्हायला पाहिजे होता. पण मी मनात म्हणत होते, सासऱ्यांनाही शेवटपर्यंत वंदना येत होती, सून तेवढी ओळखू येत नव्हती.

मग आम्ही डोंगरांकडं वळलो. तिथला रस्ता म्हणजे एका बाजूला चहाचे मळे, दुसऱ्या बाजूला दरी, आणि दर वळणावर वरून पाणी कोसळतंय. दुपार झाली की पाऊस. ढग गाडीच्या काचेला येऊन चिकटायचे. आम्ही ताशी पंचवीसनं चाललो होतो, कुणाची घाई नाही, मागं शाळेची घंटा नाही. एवढं सुख आयुष्यात पहिल्यांदा, आणि मी बोलतेय तर शेजारचा माणूस गप्प! "अहो, तो धबधबा बघा." गप्प. "अहो, भूक लागली का?" गप्प, बाहेर बघत बसलेले. पण गाडी थांबवून टेबलाशी समोरासमोर बसलो की हेच गृहस्थ चांगले तासभर बोलायचे. "विमल, काय प्रेशर आहे गं त्या धबधब्याला! आपल्या विद्यानगरच्या तिसऱ्या गल्लीला याच्या चाराण्याइतकं दिलं असतं तर मला रोज शिव्या खायला लागल्या नसत्या." मला काही उलगडा होईना. गाडी चालली की हे विसरतात आणि गाडी थांबली की यांना आठवतं, असा कुठला रोग असतो?

पाचव्या दिवशी एका धबधब्यासमोर मुक्काम केला. यांनी हात धुतले, नळ अर्धवट बंद केला आणि दारात उभे राहून धबधबा बघत बसले. पाठीमागं दोन हातांवर पाणी सुरसुर वाहतंय. मी खाली भाजी आणायला गेले होते. परत आले तोवर ऐंशीच्या ऐंशी लिटर गेले होते. पाण्याचं खातं ज्यांच्याकडं, ते शांतपणे मला म्हणाले, "आलीस का?"

मी भाजी टेबलावर टाकली आणि पावसात बाहेर जाऊन रडले. पावसाचा एक फायदा असतो, काय ओलं झालंय ते कुणाला कळत नाही.

त्या संध्याकाळी बटाटे सोलता सोलता मी यांची परीक्षा घेतली. आपलं लग्न कुठल्या वारी झालं? "रविवारी. तुझ्या काकाचा चष्मा हरवला होता." रूपाली झाली तेव्हा दवाखान्यात कोण होतं? "कोण असणार? नळाला पाणी नव्हतं, मीच टँकर घेऊन आलो होतो." माझ्या पहिल्या व्हॅनचा नंबर? तोही सांगितला. मग चाकू खाली ठेवून म्हणाले, "काय गं, पोलिस चौकशी चालवलीय का? मी काय चोरलं?" मी पुढचा बटाटा उचलला. नंबर मलासुद्धा आठवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी हपुतळे नावाच्या गावाबाजूला एका चहाच्या मळ्याच्या कडेनं गाडी लावली. दुपारी जेवून मी पडदे ओढले आणि आडवी झाले. हे माझ्याकडं पाठ करून टेबलाशी बसले होते, शेगडीची भोकं टाचणीनं साफ करत. तेवढ्यात पाऊस आला. छप्पर पत्र्याचं, त्यामुळं डोक्यावर कुणी तांदूळ ओतत राहावं तसा एकसारखा आवाज. पाच मिनिटं झाली, दहा झाली. आणि हे मान न वळवता म्हणतात, "विमल, झोपलीस का? पाऊस नाही तोवर चक्कर मारून येऊ. किती शांत आहे बघ."

म्हणलं, संपलं. आज हा माणूस पाऊसही विसरला.

यांनी उठून पडदा सरकवला. काचेवरून पाणी धो धो वाहत होतं. हे दचकले. आणि लगेच माझ्याकडं चोरून बघितलं, मी ऐकलं का ते बघायला. मग म्हणाले, "आत्ताच सुरू झाला वाटतं."

ऐका आता. मी एकोणीस वर्षं व्हॅनच्या आरशात बारा-बारा पोरांची तोंडं पाहिलीत. डबा विसरलेल्या पोराचं तोंड वेगळं आणि डबा खिडकीतून फेकून 'विसरलो' म्हणणाऱ्या पोराचं वेगळं. विसरलेलं पोर गोंधळतं. लपवणारं पोर आधी आपल्याकडं बघतं. हे विसरलेले नव्हते. हे लपवत होते!

हे परत शेगडीकडं वळले. मी उठून यांच्या पाठीमागं उभी राहिले. बारक्या आवाजात म्हणलं, "अहो." काही नाही. जरा मोठ्यानं म्हणलं, "अहो, रूपालीचे पप्पा." टाचणी चालू. मग मी अगदी साध्या आवाजात म्हणलं, "तुमची सळई मी भंगारवाल्याला दिली." ही सळई आमच्या दाराच्या मागं उभी असते. तिला रूपालीनं एकदा कपडे वाळत घालायला घेतलं तर दोन दिवस घरात अबोला होता. आणि आता? टाचणी चालूच, वर गुणगुणणं!

मी खांदा धरून यांना माझ्याकडं फिरवलं. कानाला हात लावून विचारलं, "हे?"

यांनी मान खाली घातली. बाहेर पाऊस पडत होता, तो मला एकटीलाच ऐकू येत होता.

"कधीपासून?"

"नोकरीच्या शेवटच्या वर्षापासून," हे म्हणाले. "रस्ते फोडायच्या मशीनशेजारी जन्म गेला, विमल. एक दिवस सळई लावली तर खाली काहीच नाही. नुसतं शांत. मी म्हणलं, सळई खराब झाली. दुसरी घेतली. तरी शांत. सगळे माझ्या तोंडाकडं बघत उभे. मग मी अंदाजानं सांगितलं, इथं खोदा."

"मग?"

"मग काय. तीन ठिकाणी खोदलं. एका घराच्या दारात मांडव होता, हळद चालू होती. त्यांचं दार खोदून ठेवलं आणि पाणी निघालं भलत्याच ठिकाणी. कुणी काही बोललं नाही. पण परत मला कुणी बोलावलं नाही." मग टाचणी खाली ठेवून म्हणाले, "तू सगळ्यांना सांगायचीस, आमच्या घरी यांच्या कानांचं खातो. तुला कसं सांगू की कान गेले? तुझा आवाज मोठा, म्हणून तुझं बरेच दिवस ऐकू यायचं. मग तेही कमी झालं. समोर असलीस की ओठांवरून कळतं. मला वाटलं, तूच माझ्यावर रागावून हळू बोलतेस."

"मी? हळू? जन्मात कधी बोललेय?"

यांना हसू आलं. मला मात्र राग आला होता, असा की गाडी उलटी करावी. मी पर्समधून ती चिठ्ठी काढली आणि यांच्या हातात दिली. यांनी चष्मा लावून वाचली. "मेंदूचा डॉक्टर? कुणासाठी?"

"तुमच्यासाठी! दोन वर्षं मला वाटतंय की तुम्ही मामांसारखे होणार. नळ उघडा टाकता, कुकर जाळता, हाक मारली तर बघत नाही. एक दिवस मला विचारणार, बाई तुम्ही कोण. रोज सकाळी त्याची वाट बघत उठतेय मी. आणि तुम्ही कान लपवत बसलात? कान!"

यांनी चिठ्ठीची घडी घालून टेबलावर ठेवली. मग माझा हात धरला. पस्तीस वर्षांत दिवसाढवळ्या पहिल्यांदा. "अगं येडे," हे म्हणाले, "तुला कसं विसरेन?"

आता ही काही हमी झाली का? उद्याचं कुणी सांगितलंय. पण मी तिथंच टेबलावर डोकं टेकून हसायला लागले, आणि हसता हसता रडायला लागले, आणि हे घाबरून मला पाणी द्यायला उठले तर टाकी कालपासून रिकामीच. मग दोघं हसलो. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. यांच्या गुडघ्यापासून मेंदूपर्यंत मी सगळं तपासायला निघाले होते. सळईवाल्या श्रीपतीच्या कानावर संशय घ्यायचं कुणाच्या बापाच्या मनात येणार? हे छत्री घेऊन बाहेर गेले आणि छपराच्या पन्हाळीखाली बादली लावून आले.

पुढचे सहा दिवस आम्ही लंकेतली सगळ्यात हळू गाडी होतो. मला काही सांगायचं झालं की मी गाडी कडेला घ्यायची, यांच्याकडं तोंड करायची आणि बोलायची. मग परत चालू. चाळीस किलोमीटरला पाच तास लागले. मागच्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवून आमचा उद्धार केला असेल, पण ज्याला तो ऐकू जाऊन लाज वाटली असती तो मजेत दरी बघत होता. समुद्राच्या काठानं परत येताना हे म्हणाले, "अजून चार दिवस मिळाले असते तर बरं झालं असतं." हे वाक्य या माणसाच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं.

घरी आलो. यांनी चपला काढायच्या आधी दारामागं डोकावून बघितलं. सळई जागेवर होती. भंगारवाल्याचं मी खोटंच बोलले होते ते यांना गाडीतच समोर बसवून सांगितलं होतं, तरी विश्वास नाही. रूपालीनं मेंदूच्या डॉक्टरची तारीख रद्द केली. पण पोरगी हट्टी. कानाच्या डॉक्टरकडं गेलो तर तिनं फोनवरून त्यांनाच विचारून घेतलं, बाकी काही काळजी नाही ना म्हणून. ते म्हणाले, मी यांच्याच वयाचा, माझी स्वतःची स्मरणशक्ती इतकी चांगली नाही. आणि दोन्ही कानांना बारकी मशीन लावून दिली.

पहिला दिवस यांनी नुसती तक्रार केली. पंखा ओरडतो. पेपर चुरचुरतो. "भाग्यलक्ष्मी रोज एवढं बोलते?" रोज बोलते. हे दोन वर्षं सुखात होते, ते संपलं. दुपारी मात्र हे एकदम ताठ बसले, मान तिरकी केली आणि डोळे मिटले. मी दारातून बघत होते. ही मान मी किती वर्षांनी बघत होते! हे उठून न्हाणीत गेले, नळाखाली हात धरला. "विमल, हा गळतोय की! किती दिवस झाले?"

"दोन वर्षं," मी म्हणलं.

यांनी पाना काढला, वायसर बदलला आणि हात पुसत बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात उभी होते. पातेल्यात पाणी घेतलं. आवाज चढवला नाही. तोंड दाराकडं केलं नाही. भिंतीकडं बघत, चांगल्या घरच्या बायका बोलतात तसं, हळूच म्हणलं, "चहा ठेवू का?"

बाहेरून पेपरचं पान उलटल्याचा आवाज आला.

"ठेव. साखर बेताची."

मी पातेलं खाली ठेवलं आणि ओट्याला धरून उभी राहिले. डोळे पदरानं पुसले. मग तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "दोन वर्षं जीव टांगणीला लावला मेल्यानं, आणि वर साखर बेताची पाहिजे."

"ऐकू येतंय मला," बाहेरून उत्तर आलं.